गहू, गवत आणि लस

गेली साठ-सत्तर वर्षे पुण्यात एक गोष्ट तोंडोतोंडी चालत आली आहे. नदीच्या काठी, रेल्वेच्या रुळांलगत, टेकड्यांच्या उतारांवर आणि बांधकामावाचून पडलेल्या प्रत्येक जागेत पावसाळा सरता सरता जे पांढऱ्या बारीक फुलांचे गाजरगवत माजते, ते म्हणे अमेरिकेने आपल्याला पाठविलेल्या गव्हातून आले. त्या गव्हाचे सरकारी नाव ‘पी. एल. ४८०’ असे होते. आणि त्या आकड्याचा अर्थ ज्यांना ठाऊक नाही, त्यांनाही तो आकडा ठाऊक आहे. गवताला ‘काँग्रेस गवत’ असेही म्हणतात. ते नाव फुलांच्या पांढऱ्या टोपीवरून पडले असे काहींचे म्हणणे, तर काही जण ते थेट वॉशिंग्टनच्या काँग्रेसशी नेऊन जोडतात. गोष्ट सांगणारा एवढे सांगून किंचित थांबतो आणि मग तात्पर्य सांगतो की, परक्याचे फुकट घेतले म्हणजे असे होते.

ह्या गोष्टीचे परीक्षण करण्याचे आम्ही योजिले आहे. कादंबरीचे वा नाटकाचे परीक्षण करावे, तसे लोकांच्या तोंडी असलेल्या कथेचेही करता येते. आणि जी कथा सुशिक्षित घरांतून दोन-तीन पिढ्यांचे परराष्ट्रनीतीविषयीचे मत बनवीत आली, तिचे तर अवश्य केले पाहिजे. एका राष्ट्राने दुसऱ्यास केलेल्या साहाय्याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, त्यातले पुष्कळसे ह्या गवताच्या गोष्टीतच सामावलेले आहे. अर्थशास्त्राचे ग्रंथ थोडे वाचतात; गवत सर्वांनाच दिसते.

प्रथम तिचा ऐतिहासिक पाया तपासू. अमेरिकेच्या अध्यक्षांनी, म्हणजे आयझेनहॉवर ह्यांनी, ‘पब्लिक लॉ ४८०’ ह्या कायद्यावर सही केली ती १० जुलै १९५४ रोजी. त्या कायद्यान्वये भारताशी पहिला करार झाला तो १९५६ च्या ऑगस्टात. आता गवताकडे वळू. पुण्यात ही नवी वनस्पती आढळल्याची शास्त्रीय नोंद आर. एस. राव ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ सालीच मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली, आणि ती आढळली होती त्याच्या आधी. तेव्हा ज्या कायद्याच्या नावाने आपण बोटे मोडतो, त्याचे पहिले जहाज मुंबईच्या धक्क्याला लागण्यापूर्वीच हे गवत पुण्याच्या मातीत रुजले होते. अमेरिकेचा गहू त्यापूर्वी आलाच नव्हता असे मात्र नाही. १९५१ साली टंचाईच्या वेळी २० लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलरांचे कर्ज अमेरिकेने दिले होते, आणि त्या धान्याबरोबर गवताचे बी आले असेल हे अशक्य नाही. परंतु अशक्य नाही म्हणजे सिद्ध झाले, असा न्याय कोणत्याही न्यायासनापुढे टिकणार नाही. पी. एल. ४८० वरचा आरोप तारखांच्या पुराव्यावर फेटाळावा लागतो.

मग गोष्ट खोटी म्हणून टाकून द्यावयाची काय? आम्हांस तसे वाटत नाही. आख्यायिका घडलेल्या गोष्टींशी प्रामाणिक नसली, तरी भोगलेल्या भावनेशी पुष्कळ वेळा प्रामाणिक असते. ह्या कथेच्या अनाम कर्त्याने प्रतिमा तर मोठी अचूक निवडली आहे. गहू पोटात गेला आणि संपला. मागे राहिले ते न बोलावता आलेले, गुरे तोंड लावीत नाहीत असे, आणि उपटू जाणाऱ्याच्या हाताला खाज आणणारे गवत. उपकाराची आठवण ज्यांना बोचते, त्यांना ह्याहून नेमके चित्र सापडले नसते. तथापि ह्याच चित्रात एक खोट आहे. त्यात घेणारा अगदी निष्पाप राहतो. पोते आपण मागितले होते, कित्येक वर्षे मागत होतो, त्याची किंमत ठरविली होती, करारावर सह्या केल्या होत्या; हा सगळा भाग गोष्टीतून गळून पडला आहे. गोष्टीतला पुणेकर जणू दारात उभा होता आणि कोणीतरी त्याच्या अंगणात बी फेकून गेले!

येथे एका शब्दाचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. राजनीतीचे चार उपाय आपल्या प्राचीनांनी सांगितले ते साम, दान, भेद आणि दंड. मराठी बोलण्यात मात्र आपण ‘साम, दाम, दंड, भेद’ असे म्हणतो. दानाचे दाम केव्हा झाले हे सांगणे भाषाशास्त्रज्ञांचे काम. पण लोकांच्या जिभेने केलेली ही दुरुस्ती विचारपूर्वक केल्यासारखी वाटते. राजा जे देतो ते दानाच्या नावाने दिलेले दामच असते, हे तिने ओळखले. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार केले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. फळावर नजर ठेवून दिलेले ते राजस. आणि अवमान करून दिलेले ते तामस. राज्याराज्यांमधील दान ह्यांपैकी पहिल्या वर्गात कधीच बसत नाही. बसले असते तर ते देणाऱ्या सरकारला स्वतःच्या लोकसभेपुढे समर्थिता आले नसते. प्रश्न एवढाच उरतो की ते राजस राहते की तामस होते.

पी. एल. ४८० ह्या कायद्याने आपला हेतू लपविला नव्हता. त्याच्या शीर्षकातच अमेरिकन शेतमालाचा परदेशांत खप वाढविणे आणि अमेरिकेचे परराष्ट्रसंबंध सुधारणे, हे दोन उद्देश एकापुढे एक सांगितले होते. त्या काळी अमेरिकेच्या कोठारांत गव्हाचे डोंगर साठले होते. शेतकऱ्याला बांधून दिलेला भाव उतरविता येत नव्हता आणि साठवणीचा खर्च वाढत होता. भारतापाशी पोटे होती, डॉलर नव्हते. तेव्हा गहू रुपयांत विकावयाचा, ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर जमा करावयाचे, त्यांतला मोठा भाग भारत सरकारलाच विकासाच्या कामांसाठी कर्जाऊ वा देणगी म्हणून परत द्यावयाचा, काही भाग येथे धंदा करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांना कर्जाऊ द्यावयाचा, आणि काही अमेरिकेने स्वतःच्या येथील खर्चासाठी ठेवावयाचा, अशी ही योजना होती. गोष्ट सांगणारा ‘फुकट’ म्हणतो ते ह्याला. किंमत ठरलेली होती आणि आपण ती आपल्या नाण्यात दिली. ते नाणे परत आपल्याच घरात खेळत राहिले एवढे खरे. ह्याला दान म्हणणे चूक, लूट म्हणणेही चूक. हा एक व्यवहार होता, आणि व्यवहाराचा कागद नीट वाचणे हे दोन्ही पक्षांचे कर्तव्य असते.

आपल्या बाजूने कागद कोणी वाचला? ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये ह्या व्यवहारातला सर्वांत मोठा करार झाला. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ देण्याचा तो करार होता. त्यावर अमेरिकेच्या वतीने खुद्द अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांनी सही केली आणि भारताच्या वतीने अन्न व शेतीमंत्री स. का. पाटील ह्यांनी. मराठी वाचकांस सदोबा पाटील आठवतात ते संयुक्त महाराष्ट्राचे विरोधक आणि अत्र्यांच्या लेखणीचे लक्ष्य म्हणून, किंवा १९६७ साली जॉर्ज फर्नांडिस ह्यांनी मुंबईत त्यांचा जो पराभव केला त्यामुळे. ह्या कराराकडे आपल्या राजकीय लेखनाने जेवढे द्यावयास हवे होते तेवढे लक्ष दिले, असे आम्हांस वाटत नाही. वास्तविक त्यांच्या सबंध कारकिर्दीत देशाच्या ताटाशी थेट संबंध आलेली अशी दुसरी सही नसेल. तिने शहरांतील रेशनची दुकाने भरली, भाव आवरून धरता आले, आणि सरकारला चार वर्षे निश्चिंत झोप लागली. ही निश्चिंती हाच त्या करारातला न लिहिलेला दोष होता. घरच्या शेतीकडे पाहण्याची निकड जहाजांच्या वेळापत्रकाने ढिली केली.

आणि हे धान्य खाल्ले कोणी? हा प्रश्न ह्या मासिकाच्या वाचकांस थोडा अडचणीचा वाटेल. ठरलेल्या भावाने धान्य देणारी दुकाने मुख्यतः शहरांत होती. त्यांच्या रांगेत उभे राहणारे आपल्याच घरांतले लोक होते. स्वस्त परदेशी गव्हामुळे येथल्या शेतकऱ्याचा भाव पडला की नाही, पडला असल्यास किती, ह्याविषयी अर्थशास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाले आहेत. तो निकाल काही लागो, आपल्या पोळीचा भाव बांधलेला होता हे निर्विवाद आहे. गवताची गोष्ट शहरातच जास्त रंगविली जाते, आणि गहूही शहरानेच जास्त खाल्ला, ह्या दोहोंचा मेळ कथाकाराने कधी घातलेला नाही.

आता त्या प्रसंगाकडे येऊ, की ज्याने ही कथा खरोखर घडविली असावी. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, आणि पुष्कळ घरांनी ते पाळले. नेमक्या ह्याच वेळी अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी दीर्घ मुदतीचे करार बंद करून धान्य महिन्या-दोन महिन्यांच्या हिशेबाने, स्वतःच्या मंजुरीने सोडण्यास आरंभ केला. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे ही त्यांची एक अट होती. दुसरी अट कोठे लिहिलेली नव्हती, पण सर्वांस कळत होती. व्हिएतनामच्या युद्धाविषयी दिल्लीहून जे बोलले जाई, ते वॉशिंग्टनला खपत नव्हते. जहाज निघाले की नाही, ह्या एका प्रश्नावर मंत्रालयाचे डोळे लागून राहिले. जहाजातून उतरलेले धान्य कोठारात न थांबता थेट तोंडात जात होते.

आता आकडा पहावा. १९६६ साली अमेरिकेने आपल्या सबंध गव्हाच्या पिकाचा सुमारे पाचवा हिस्सा भारताकडे पाठविला. एका राष्ट्राने दुसऱ्यास इतके धान्य पाठविल्याची उदाहरणे इतिहासात फार थोडी सापडतील. ह्या साहाय्याने जे जीव वाचले ते खरेच वाचले. आणि तरीही लोकांच्या स्मरणात हा पाचवा हिस्सा राहिला नाही. राहिले ते ताटकळत ठेवणे. जे वर्ष उपकाराचे म्हणून स्मरणात राहावयाचे, तेच अपमानाचे म्हणून राहिले. राजस दान तामस होण्यास धान्य कमी करावे लागत नाही. पोत्याची दोरी हातात धरून घेणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिले की पुरे.

आणखी एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. जॉन्सन ह्यांची पहिली अट मूर्खपणाची नव्हती. शेतीसुधारणेचा जो कार्यक्रम अमेरिकेने पुढे केला, तोच आपले अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम ह्यांनाही हवा होता. १९६५ च्या नोव्हेंबरात रोम येथे त्यांची अमेरिकेच्या शेतीमंत्र्यांशी बोलणी झाली, ती दोघांनाही सोयीची होती. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आले आणि पुढील काही वर्षांत पंजाबची शेते पालटली. म्हणजे ज्या दोरीने आपला स्वाभिमान दुखावला, तिनेच आपल्याला स्वतःच्या शेताकडे ओढून नेले. ह्याचे श्रेय कोणास द्यावे ह्यावर आजही वाद घालता येतो. आमच्या मते ते अपमानाला द्यावे, अपमान करणाराला नव्हे.

महाराष्ट्राला मात्र ह्या पालटाचा लाभ लगेच झाला नाही. आपले अन्न ज्वारी, आणि आपली जमीन कोरडवाहू. १९७२ च्या दुष्काळात पुन्हा परदेशी धान्य आले. त्या लालसर ‘मिलो’ ज्वारीची चव सांगणारी माणसे खेड्यांतून अजून भेटतात. तिची भाकरी कशी होई हे ती ज्या शब्दांत सांगतात, ते येथे छापण्याजोगे नाहीत! पण मिलोने गवतासारखी कथा निर्माण केली नाही. दुष्काळी कामावर खडी फोडून, घामाचे पैसे मोजून ती घेतली होती, म्हणून तसे झाले असावे, असा आमचा तर्क आहे.

हिशेबाचा शेवट १९७४ साली झाला. अमेरिकेच्या खात्यावर रुपये इतके साचले होते की ते खर्चावे कसे हीच त्यांची अडचण झाली, आणि परक्या सरकारचा एवढा पैसा आपल्या बँकेत असावा ही आपली अडचण झाली. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन ह्यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या स्वाधीन केला. एका धनादेशाने एवढी रक्कम तोवर क्वचितच कोणी दिली असेल. वृत्तपत्रांनी बातमी छापली. पण लोकांच्या तोंडी गेलेली कथा ती नव्हे. सुटलेले कर्ज गवतासारखे डोळ्यांना दिसत नाही.

त्या रुपयांतून झालेली एक गोष्ट वाङ्मयप्रेमी वाचकांस ठाऊक असावी म्हणून, जरा वाट सोडून, सांगतो. अमेरिकेने स्वतःच्या खर्चासाठी राखलेल्या भागातून त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसने, १९६२ पासून दिल्लीत कचेरी उघडून भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी करण्यास सुरुवात केली. मराठी कथा, कादंबऱ्या, कविता आणि नियतकालिके ह्यांच्या प्रती त्यांच्या निवडक विद्यापीठांकडे दर वर्षी रवाना होऊ लागल्या. १९६१ साली स्थापन झालेल्या त्यांच्या भारतविद्या संस्थेने आपले पहिले ठाणे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातच मांडले होते. येथील रद्दीच्या दुकानांतून ज्या पुस्तकांची वासलात लागली, त्यांतली काही शिकागोच्या कपाटांत आज सुरक्षित आहेत. त्यांचा मोबदला रेशनच्या गव्हापायी साचलेल्या रुपयांतून दिला गेला. अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याने मराठी कवितेचे रक्षण करण्याचे मनात आणले असेल असे कोणी म्हणणार नाही. पण नीतीचे हेतू एक आणि तिची फळे दुसरीच, ह्याचे उदाहरण गवत असेल तर हेही आहे. आणि गवताहून हे तर कागदोपत्री शाबीत आहे.

येथवर आपण घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले. ती बाजू आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. १९६४ सालीच भारताने इतर देशांतील लोकांस येथे आणून तांत्रिक शिक्षण देण्याची योजना सुरू केली होती. २०१२ साली परराष्ट्रखात्यात विकाससाहाय्यासाठी स्वतंत्र विभाग निघाला. भूतानास तर कित्येक वर्षे सर्वांत मोठा वाटा जात आहे. २०२२ साली तालिबानच्या ताब्यातील अफगाणिस्तानास ५० हजार टन गहू देण्यासाठी मालमोटारी वाघ्यावरून पाकिस्तानमार्गे गेल्या. १९६६ साली धक्क्यावर डोळे लावून बसलेल्या देशाने गहू द्यावा, तोही ज्याच्या राजवटीस मान्यता दिलेली नाही अशा देशास द्यावा, ह्यात कौतुक आहे आणि राजनीतीही आहे. आणि ह्या दात्याच्या भूमिकेत आपले पुणे एकदा सर्वांच्या पुढे उभे राहिले.

ज्या १९६६ साली आपले अन्न जहाजांवर अवलंबून होते, त्याच साली पुण्यास सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. २०२१ च्या जानेवारीत हडपसर-मांजरीच्या बाजूस तयार झालेली कोव्हिडची लस देशभर गेली, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेपासून ती शेजारी देशांकडेही निघाली. पहिली पाळी भूतान आणि मालदीवची. खोक्यांवर भारताच्या जनतेची व सरकारची भेट असल्याचे छापले होते. योजनेचे नाव ‘मैत्री’ असे ठेवले होते. पुणेकरांस त्या दिवसांत अभिमान वाटला आणि तो अस्थानी नव्हता. परंतु आकडे पाहू. एप्रिलच्या मध्यापर्यंत बाहेर गेलेल्या सुमारे ६ कोटी ६० लाख मात्रांपैकी भेट म्हणून दिलेल्या सुमारे १ कोटी ७ लाख होत्या. उरलेल्या विकलेल्या, अथवा जागतिक वाटपयोजनेच्या करारान्वये पाठविलेल्या. म्हणजे येथेही दान थोडे आणि दाम अधिक. ह्यात वावगे काही नाही. पण आपल्या बोलण्यात सगळी ६ कोटी ६० लाख मैत्रीच्या खात्यावर मांडली जातात.

मग मार्च-एप्रिलात दुसरी लाट आली. पुण्यात रुग्णालयांत खाटा मिळेनात आणि प्राणवायूसाठी माणसे वणवण फिरली, तो महिना कोणी विसरणार नाही. निर्यात थांबली. ती थांबवावयास नको होती असे म्हणण्याचे धैर्य, घरातली माणसे गमावलेल्या शहरात, आम्हांस होणार नाही. पण सीमेपलीकडे काय झाले? बांगलादेशाने सीरमच्या ३ कोटी मात्रांचा करार केला होता. त्यांपैकी ७० लाख पोचल्या आणि पुरवठा थांबला. एप्रिलच्या अखेरीस ढाक्यास पहिली मात्रा देणेच बंद करावे लागले. नेपाळात ज्या वृद्धांनी पहिली मात्रा घेतली, ते दुसरीची वाट पाहत कित्येक महिने बसले. भूतानने आपल्या दिलेल्या लशीवर मार्चअखेरपासून थोड्याच दिवसांत जवळजवळ सर्व प्रौढांस पहिली मात्रा दिली. दुसरी त्यांनी जुलैत दिली ती मुख्यतः अमेरिकेने पाठविलेल्या लशीची. बांगलादेशाकडे मे महिन्यात चीनची भेट पोचली. आपली निर्यात पुन्हा सुरू झाली ती ऑक्टोबरात.

१९६६ चे दिल्लीचे मंत्रालय आणि २०२१ चे काठमांडूचे मंत्रालय ह्यांच्यात फरक पुष्कळ आहेत. जॉन्सनने दोरी मुद्दाम आखडली. आपण संकटात सापडून हात आखडला. नीतीच्या दृष्टीने हा भेद मोठा आहे, हे आम्ही मानतो. परंतु दुसऱ्या मात्रेची वाट पाहणाऱ्या पोखऱ्याच्या म्हाताऱ्याला तो कितीसा दिसला असेल? शास्त्रीजींच्या सोमवारी उपाशी झोपलेल्या घराला अमेरिकेच्या अंतर्गत राजकारणाचे बारकावे दिसत नव्हते. घेणारा देणाऱ्याच्या अडचणी मोजत नाही. तो दिवस मोजतो. आणि योगायोग असा की, त्याच एप्रिलच्या १६ तारखेस सीरमच्या प्रमुखांनीच लशीच्या कच्च्या मालावरील निर्यातबंदी उठवावी, अशी जाहीर विनंती अमेरिकेच्या अध्यक्षांस केली होती. एकाच आठवड्यात पुण्याचा एक हात मागत होता आणि दुसऱ्या हाताकडे शेजारी पाहत होते.

हे सर्व डोळ्यांपुढे असताना गेल्या काही वर्षांत आपल्या वृत्तपत्रांनी आणि घरगुती संभाषणांनी एक शब्द जो सढळपणे वापरला, त्याचे आम्हांस नवल वाटते. तो शब्द ‘कृतघ्न’. मालदीवात २०२३ साली भारताविरुद्ध घोषणा देणारा पक्ष निवडून आला, आणि आपण भेट दिलेली विमाने-हेलिकॉप्टरे चालविणारे आपले सैनिक त्यांनी मे २०२४ पर्यंत परत पाठविले. सैनिकांच्या जागी आपल्याच मुलकी तंत्रज्ञांना ठेवून घेतले, हेही खरे. लस खाऊन उलटले, असे तेव्हा बोलले गेले. ज्या समाजाने अमेरिकेच्या पिकाचा पाचवा हिस्सा खाऊन त्याच्या मोबदल्यात गवताची गोष्ट रचली, त्याने हा शब्द उच्चारण्यापूर्वी जरा विचार करावयास हवा होता. विमान भेट देऊन चालक आपलेच ठेवणे म्हणजे पोते देऊन दोरी हातात ठेवणे. ती ठेवणे भारताच्या हिताचे असेल; समुद्रावर नजर ठेवणे आपल्याला अगत्याचे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण मग ते हित म्हणून सांगावे, आणि कृतज्ञतेचा हप्ता वसूल करू नये.

स्वतः अमेरिकेने ह्या बाबतीतला उरलासुरला पडदाही आता काढून टाकला आहे. अध्यक्ष केनेडी ह्यांनी १९६१ साली काढलेले साहाय्याचे स्वतंत्र खाते २०२५ च्या जुलैपासून परराष्ट्रखात्यात विलीन झाले. त्यामुळे आफ्रिकेतील दवाखान्यांचे जे हाल झाले ते दुःखद आहेत. पण दान हे राजनीतीचे अंग आहे की नाही, ह्याविषयी वाद घालणारांचे काम मात्र सोपे झाले.

गवताच्या कथेविषयीचा आमचा अभिप्राय, तेव्हा, असा. वनस्पतिशास्त्र म्हणून ती टिकत नाही. घेणाऱ्याच्या मनाचे चित्र म्हणून ती उत्कृष्ट आहे, आणि त्या चित्राचा उपयोग आता आपल्याला देणारा म्हणून करून घेता येईल. पुण्याच्या लशीविषयी ढाक्यास, काठमांडूस, थिंफूस कोणत्या कथा आज सांगितल्या जात असतील? त्यांत लस कोठे आहे आणि गवत कोठे? आपल्या परराष्ट्रखात्याच्या अहवालांत त्या सापडणार नाहीत. अमेरिकेच्या अहवालांत गाजरगवत सापडत नाही तसेच. १९६७ साली नीलकंठ रथ आणि व्ही. एस. पटवर्धन ह्यांनी गोखले संस्थेतून पी. एल. ४८० च्या साहाय्याचा भारतीय अर्थव्यवस्थेवर झालेला परिणाम तपासणारा ग्रंथ सिद्ध केला. जहाजे अजून येत होती, रागही ताजा होता, आणि तरी भांडारकर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर बसून दोघांनी गहू हा हिशेबाचा विषय म्हणून हाती घेतला. लशीचा तसा हिशेब कोणी मांडला तर तो पुण्यातच मांडला जावा, असे आम्हांस वाटते. त्यासाठी सरकारी आकडे पुरणार नाहीत. २०२१ च्या एप्रिल-मेमधील बंगाली आणि नेपाळी वृत्तपत्रे वाचावी लागतील, पोखऱ्याला आणि सिल्हेटला जाऊन माणसांशी बोलावे लागेल. नेपाळहून आणि बांगलादेशाहून शिकावयास आलेले विद्यार्थी ह्या शहरात आहेत. आमच्या माहितीतल्या कोणत्याही मराठी संशोधकाने अद्याप त्यांच्यापाशी बसून ही गोष्ट विचारलेली नाही.